शेजारच्या युक्रेनी कुटुंबाची कागदपत्रं: एच-१बीचा अनुभव इथे चालत नाही

न्यू जर्सीत साउथ बाउंड ब्रूकला युक्रेनी ऑर्थोडॉक्स चर्चचं मुख्य केंद्र आहे, आणि ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर तिथून गाडीने अगदी जवळ. त्यामुळे २०२२ नंतर आमच्या भागातल्या मराठी घरांची आणि युक्रेनहून आलेल्या कुटुंबांची ओळख होतच गेली, कुठे शाळेच्या बसथांब्यावर तर कुठे ऑफिसात. काही मराठी मंडळी त्यांची रीतसर स्पॉन्सरही झाली. ओळख वाढली की प्रश्न येतात. "आमचा पॅरोल संपत आलाय, तुम्ही इतकी वर्षं व्हिसाचं बघताय, आता काय करायचं?" आणि आपण उत्साहाने एच-१बीचे, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसाचे, अनुभव सांगायला लागतो. घोळ तिथेच सुरू होतो, कारण त्या अनुभवातल्या निम्म्या गोष्टी पॅरोलला, म्हणजे या कुटुंबांना मिळालेल्या ठरावीक मुदतीच्या परवानगीला, लागू होत नाहीत आणि काही तर उलट्या पडतात.

मी वकील नाही. पण फॉर्म, तारखा आणि रांगा यात या कुटुंबांबरोबर बराच वेळ घालवला आहे. खालची माहिती २०२६ च्या सुरुवातीपर्यंतची आहे. नियम भराभर बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या स्थलांतर खात्याच्या) संकेतस्थळावर त्या फॉर्मचं पान त्याच दिवशी पुन्हा उघडून बघा.

आधी हे समजून घ्या: पॅरोल हा व्हिसा नाही

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केलं. पहिल्या दोन महिन्यांत बरेच युक्रेनी लोक मेक्सिकोतल्या तिहुआनाला विमानाने येऊन सॅन इसिद्रोच्या फाटकातून अमेरिकेत शिरले. त्यांना बहुतेक एकाच वर्षाचा पॅरोल मिळाला होता. मग २५ एप्रिल २०२२ पासून 'युनायटिंग फॉर युक्रेन' हा कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेतल्या कुणीतरी आधार देण्याचा अर्ज करायचा, पुढे त्याचं नाव आय-१३४ए झालं. युक्रेनी माणसाची सुरक्षा तपासणी व्हायची, गोवर-पोलिओसारख्या लसी दाखवायच्या, आणि विमानतळावर अधिकाऱ्याने मान्य केलं की दोन वर्षांपर्यंतचा पॅरोल. आधार देणारा नागरिकच असला पाहिजे अशी अट नव्हती. कायदेशीर दर्जा असलेला एच-१बीवरचा माणूसही अर्ज करू शकत होता, म्हणून आपल्यातले बरेच जण यात आले.

अमेरिकी कायद्यात पॅरोल म्हणजे तातडीच्या मानवी कारणासाठी किंवा मोठ्या सार्वजनिक हितासाठी, एकेका माणसाचा विचार करून, ठरावीक मुदतीपुरतं आत राहू देणं. त्याने स्थलांतराचा दर्जा मिळत नाही. ग्रीन कार्डाची वाट आपोआप सुरू होत नाही, निर्वासिताचा दर्जाही नाही. सरकारला तो मध्येच काढूनही घेता येतो. कायम राहण्याचा हक्क देणारी विधेयकं अमेरिकी काँग्रेसमध्ये (संसदेत) मांडली गेली आहेत, पण त्यांचा कायदा झालेला नाही. "कायदा येतोय" या आशेवर कुणाला तारीख चुकवू देऊ नका.

पहिलं काम: आय-९४ उघडा

पासपोर्टवरचा शिक्का पाहून समाधान मानू नका. सीबीपीच्या (सीमेवर तपासणी करणाऱ्या खात्याच्या) संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक घालून प्रत्येकाचा आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद, काढा आणि छापून घ्या. त्यावर दोनच गोष्टी बघायच्या: प्रवेशाचा वर्ग आणि 'अमुक तारखेपर्यंत'. युक्रेनच्या कार्यक्रमातून आलेल्यांचा वर्ग यूएचपी असतो, सीमेवरून पॅरोल मिळालेल्यांचा बहुधा डीटी. तारीख घरातल्या प्रत्येकाची वेगळी असू शकते. नवरा आधी आला, बायको-मुलं चार महिन्यांनी आली, तर चार महिन्यांचा फरक आहेच. एच-१बीवाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एच-४ सारखं 'मुख्य माणसाचं झालं की बाकीच्यांचं झालं' असं इथे नाही. पॅरोलमध्ये तान्ह्या मुलाचाही स्वतंत्र अर्ज आणि स्वतंत्र तारीख.

त्या तारखा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. प्रत्येकीच्या १८० दिवस आधीची तारीखही शेजारी लिहा. ती कशाला, ते पुढे येतंच.

नावाचं स्पेलिंगही तेव्हाच तपासा. युक्रेनमध्येही आपल्यासारखं वडिलांच्या नावावरून आलेलं मधलं नाव असतं, आणि मराठी माणसाला ते फॉर्मच्या 'मिडल नेम' रकान्यात भरायची अनावर इच्छा होते. भरू नका. त्यांच्या परदेश प्रवासाच्या पासपोर्टवर ते छापलेलं नसतं. आय-९४ वर नाही, पासपोर्टवर नाही आणि वर्क परमिटच्या अर्जात मात्र आहे, असं झालं की नोंदी जुळत नाहीत आणि सोशल सिक्युरिटीच्या खिडकीवर परत फिरावं लागतं. दुसरी गंमत आडनावाची. नवरा कोवाल्स्की, बायको कोवाल्स्का, मुलगी कोवाल्स्का. शाळेतला कारकून विचारतो, हे एकच कुटुंब कशावरून? जन्मदाखल्याचं आणि विवाहदाखल्याचं इंग्रजी भाषांतर तयार ठेवलं की प्रश्न मिटतो. भाषांतर दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही करावं, फक्त खाली 'मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे' अशा अर्थाचं प्रमाणपत्र, सही, नाव, पत्ता आणि तारीख हवी. नोटरीचा शिक्का लागत नाही.

पॅरोल वाढवायचा, म्हणजे नवा मागायचा

फेब्रुवारी २०२४ पासून युक्रेनी लोकांसाठी पुन्हा पॅरोल मागण्याची वेगळी सोय आहे. फॉर्म आय-१३१, ऑनलाइनही भरता येतो. मुदत संपण्याआधी १८० दिवसांच्या आत अर्ज करायचा, त्याहून लवकर केला तर परत येतो. फ्रिजवरची दुसरी तारीख त्यासाठी.

या अर्जात नुसतं 'युद्ध चालू आहे' लिहून थांबू नका. कुठल्या शहरातले, घराचं काय झालं, घरी कुणी आजारी आहे का, मुलं कुठल्या शाळेत, इथे काय काम करता, असं एक-दोन पानांचं साधं निवेदन जोडा. निर्णय माणसागणिक होतो, तेव्हा त्या माणसाची माहिती कागदावर दिसली पाहिजे.

एच-१बीची सगळ्यात धोक्याची सवय इथे आडवी येते. आपला मुदतवाढीचा अर्ज पडून असला तरी पावतीच्या जोरावर २४० दिवस काम करता येतं. पॅरोलला असा नियम नाही. पुन्हा-पॅरोलचा अर्ज नुसता पडून असेल तर जुनी तारीख पुढे सरकत नाही. त्या तारखेनंतर, दुसरा कुठला आधार नसेल तर, बेकायदा राहण्याचे दिवस मोजायला सुरुवात होते. १८ वर्षांवरचा माणूस १८० दिवसांहून जास्त असा राहून देशाबाहेर गेला तर तीन वर्षं परतीची बंदी, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. नोकरी गेल्यावर आपल्याला मिळतात तसे साठ दिवसही इथे नाहीत.

आणि उशीर होतो. जानेवारी २०२५ मध्ये सरकार बदललं, त्याच महिन्यात आय-१३४ए घेणं थांबलं, फेब्रुवारीत आधीच आत असलेल्यांच्या अर्जांवरही काम रोखलं गेलं. मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश इंदिरा तलवानी यांनी मेअखेरीस दिलेल्या आदेशानंतर जूनमध्ये ती रोक उठली. मधल्या काळात ज्यांच्या तारखा गेल्या, त्यांनी नोकऱ्या गमावल्या. त्याच एप्रिलमध्ये काही युक्रेनी लोकांना 'तुमचा पॅरोल रद्द, सात दिवसांत निघा' असे ईमेल गेले आणि मग ते चुकून गेले असं सरकारने सांगितलं. असा मेल आला तर घाबरून बॅगा भरायच्या नाहीत आणि दुर्लक्षही करायचं नाही. त्याच दिवशी यूएससीआयएसचं खातं उघडून तिथे काही नोटीस आहे का बघायचं आणि वकिलाला दाखवायचं.

पैशांचं: आय-१३१ चं शुल्क ऑनलाइन थोडं कमी आहे, आणि उत्पन्न कमी असेल तर माफीचा अर्ज करता येतो. पण जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने पॅरोल मंजूर होताना वेगळे १,००० डॉलर लावले आहेत, आणि ही रक्कम दरवर्षी महागाईप्रमाणे वाढते. काही अपवाद कायद्यात दिले आहेत, ते तपासून घ्या. हे हजार अर्जाबरोबर पाठवायचे नाहीत, मागणी आल्यावर दिलेल्या मुदतीत भरायचे. चार जणांच्या कुटुंबाला हा मोठा खड्डा आहे. मदत करायची असेल तर सल्ल्यापेक्षा इथे जास्त उपयोग होतो.

टीपीएस: जमत असेल तर सोडू नका

तात्पुरतं संरक्षण, म्हणजे टीपीएस, ही पॅरोलहून वेगळी गोष्ट आहे आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. युक्रेनचा टीपीएस एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाला आणि सध्या १९ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. अट अशी की १६ ऑगस्ट २०२३ पासून माणूस सलग अमेरिकेत राहत असला पाहिजे. त्यानंतर आलेल्यांना हा दरवाजा बंद आहे.

"नोंदणीची मुदत गेली" असं पुष्कळ जण ऐकून बसलेले असतात. पण नोंदणीच्या काळात जो पॅरोलवर होता, त्याला तो पॅरोल संपल्यावर ६० दिवसांपर्यंत उशिरा पहिला अर्ज करता येतो. मला भेटलेल्या बऱ्याच कुटुंबांना हे ठाऊकच नव्हतं. ज्याचा पॅरोल संपत आलाय आणि पुन्हा-पॅरोलचं उत्तर आलेलं नाही, त्याने वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा. फॉर्म आय-८२१. इथेही प्रत्येकाचा स्वतंत्र.

मुदत वाढवायची की संपवायची, हे सरकारला संपण्याच्या ६० दिवस आधी ठरवावं लागतं, म्हणजे २० ऑगस्ट २०२६ च्या सुमारास. वाढली तर फेडरल रजिस्टरमध्ये (सरकारी राजपत्रात) पुन्हा नोंदणीच्या तारखा येतील आणि ती खिडकी छोटी असते. मागच्या वेळी जेमतेम ६० दिवसांची होती.

आश्रय मागावा का?

युद्धातून पळून आलोय म्हणजे आश्रय मिळणारच, असं पुष्कळांना वाटतं. कायद्याला मात्र वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट यांपैकी एका कारणाने होणारा छळ दाखवावा लागतो. बॉम्ब सगळ्यांवर पडतो, एवढ्यावर भागत नाही. खेरसोन किंवा दोनेत्स्कच्या रशियाने ताब्यात घेतलेल्या भागात ज्याची रशियन सैन्याने युक्रेनधार्जिणा म्हणून चौकशी केली, ज्याला क्रिमियन तातार म्हणून त्रास झाला, अशांची बाजू वेगळी. तरी अधिकारी विचारतोच, 'मग तुम्ही देशातच पश्चिमेकडे ल्विवला जाऊन का राहिला नाहीत?' उत्तर तयार हवं.

आश्रयाचा फॉर्म आय-५८९ हा अमेरिकेत आल्यापासून एक वर्षाच्या आत भरायचा. पॅरोल किंवा टीपीएस चालू असताना ती मुदत ओलांडली तर सूट मागता येते, पण सूट पटवून द्यावी लागते. पूर्वी फुकट असलेल्या या अर्जाला आता १०० डॉलर आणि अर्ज पडून राहील त्या प्रत्येक वर्षाला आणखी शुल्क आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस यूएससीआयएसने आश्रयावरचे निर्णय देणंच थांबवलं. आणि दर्जा नसताना अर्ज फेटाळला गेला तर प्रकरण इमिग्रेशन कोर्टात जातं. मुदत विकत घेण्यासाठी हा अर्ज टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खरी केस असेल तर मात्र चांगला वकील गाठून लवकर टाकावा.

ग्रीन कार्ड: लग्नाने सोपं, नोकरीने अवघड

पॅरोलवर आलेला माणूस तपासणी होऊन आत आलेला मानला जातो. त्यामुळे तो अमेरिकी नागरिकाचा नवरा किंवा बायको असेल, २१ पूर्ण झालेल्या नागरिकाचे आई-वडील असतील, किंवा नागरिकाचं २१ खालचं अविवाहित मूल असेल, तर आय-१३० (नात्याचा अर्ज) आणि आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) देऊन इथूनच ग्रीन कार्ड मागता येतं. मध्ये पॅरोल संपला असला तरी हे नातं तो दोष झाकून घेतं. खऱ्या लग्नालाच, हे वेगळं सांगायला नको.

नोकरीची वाट मात्र आपल्या आयटीतल्या लोकांना फसवते. "कंपनी पर्म करेल, मग आय-१४०, मग आय-४८५." पर्म (कामगार खात्याची मंजुरी) होईल, आय-१४० (कंपनीचा अर्ज) ही मंजूर होईल. पण नोकरीच्या वर्गात इथेच दर्जा बदलायला वैध नॉनइमिग्रंट दर्जा लागतो, आणि पॅरोल तो नाही. थोड्या चुका माफ करणारं जे १८० दिवसांचं कलम आपल्याला वाचवतं, तेही यांच्या उपयोगी नाही. म्हणजे शेवटचा टप्पा देशाबाहेर, वकिलातीत करावा लागतो. एच-१बी लागला तरी पॅरोलवरून इथल्या इथे एच-१बीवर येता येत नाही, बाहेर जाऊन व्हिसा घेऊन यावं लागतं. आणि बाहेर जायच्या आधी वरची तीन आणि दहा वर्षांची बंदी लागू होते का, हे मोजून बघावं लागतं. तुम्ही मॅनेजर असाल आणि एखाद्या हुशार युक्रेनी सहकाऱ्याला स्पॉन्सर करायचा विचार असेल, तर कंपनीच्या वकिलाला पहिल्याच बैठकीत 'हा पॅरोलवर आहे' हे सांगा.

ग्रीन कार्डाची लॉटरी आपल्याला माहीत नसते, कारण भारत त्यात बसत नाही. युक्रेन अलीकडच्या सोडतींत बसत आला आहे. पण डिसेंबर २०२५ मध्ये ती थांबवण्याची घोषणा झाली, त्यामुळे सध्या तिच्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. धार्मिक अल्पसंख्याकांसाठीचा लौटेनबर्ग कार्यक्रमही निर्वासितांचा प्रवेशच जवळजवळ बंद असल्याने अडकलेला आहे.

काम, आणि काम देणारे

यूएचपी, किंवा नियमात ठरवलेल्या काळात मिळालेला डीटी, वर्गाचा आय-९४ असलेल्या युक्रेनी माणसाला पॅरोल चालू असेपर्यंत कामाची परवानगी त्या पॅरोलबरोबरच मिळालेली असते. मोटेल, किराणा दुकान, पेट्रोल पंप चालवणाऱ्या आपल्या लोकांना हे माहीत असायला हवं. नोकरीवर घेताना मालकाला भरावा लागणारा आय-९ भरताना असा चालू आय-९४ पावतीसारखा ९० दिवस चालतो. त्या मुदतीत वर्क परमिट किंवा नियमात बसणारी दुसरी कागदपत्रं दाखवायची. "कार्ड आण, मगच कामावर ये" असा ठरावीक कागदाचा हट्ट धरणं मालकाला महागात पडू शकतं.

कार्डावरचा वर्ग वाचायला शिका. सी११ म्हणजे पॅरोल, ए१२ म्हणजे मंजूर टीपीएस, सी१९ म्हणजे टीपीएसचा अर्ज चालू, सी०८ म्हणजे आश्रयाचा अर्ज चालू. पॅरोलवरचं कार्ड आता एका वर्षाहून जास्त मिळत नाही आणि त्यालाही नव्या कायद्याचं वेगळं शुल्क आहे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून नूतनीकरणाचा अर्ज केल्यावर आपोआप मिळणारी ५४० दिवसांची वाढही बंद झाली आहे. बऱ्याच राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सची मुदतही याच तारखांना बांधलेली असते.

बारीकसारीक, पण चुकवू नये असं

घर बदललं की दहा दिवसांत एआर-११, म्हणजे पत्ताबदलाचा फॉर्म. देशाबाहेर जायचं असेल तर आधी प्रवासाची परवानगी, नाहीतर विमान उडालं की पॅरोल संपला. १८ ते २५ वयाच्या मुलग्यांनी सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (लष्करी भरतीच्या यादीत) नाव नोंदवायचं. युद्धातून आलेल्या आईला हे सांगताना नीट सांगा की ही फक्त नोंदणी आहे, अमेरिकेत सध्या सक्तीची भरती नाही.

पासपोर्ट संपत आला असेल तर आधीच हालचाल करावी. मे २०२४ पासून लष्करी वयाच्या युक्रेनी पुरुषांना परदेशातल्या वकिलातीत पासपोर्ट करताना लष्करी नोंदणीचा अद्ययावत कागद लागतो, बहुतेक जण तो 'रेझर्व प्लस' या ॲपमधून काढतात. काहींना हा विषयच नको असतो. त्यांचा निर्णय त्यांच्यावर सोडा.

अजून बाहेर असलेल्यांचं काय?

"आमच्या कुटुंबाची बहीण पोलंडमध्ये आहे, तिला स्पॉन्सर करू का?" जुना मार्ग बंद आहे. आय-१३१ चा सर्वसाधारण पॅरोल कागदावर आहे, पण आशा फार धरू नये. युरोपीय संघाचं तात्पुरतं संरक्षण ४ मार्च २०२७ पर्यंत आहे, ते हातचं सोडून इथे पर्यटक व्हिसावर यायचा सल्ला कुणी देऊ नये. कॅनडाचा खास कार्यक्रम नव्या अर्जांसाठी जुलै २०२३ मध्येच संपला.

खारकिव, विनित्सियाला मेडिकल शिकायला गेलेली आपली मुलं ऑपरेशन गंगात परत आली. त्यांतल्या कुणी युक्रेनी मुलीशी लग्न केलं असेल, तर २०२२ चा कार्यक्रम तिच्याबरोबर त्यालाही लागू होत होता. नुसतं तिथे शिकत असणं पुरेसं नव्हतं. असं जोडपं आज अमेरिकेत असेल तर पासपोर्ट भारतीय असलेल्या नवऱ्याने आपल्यालाही टीपीएस मिळेलच असं गृहीत धरून चालू नये, त्याची पात्रता वेगळी तपासावी लागते.

वकिलाकडे जाताना

तुम्ही गाडीतून नेऊ शकता, टाइप करू शकता, फी भरू शकता. पण कुठला अर्ज टाकायचा हे ठरवणं वकिलाचं किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीचं काम आहे. टायपिंग केलं असेल तर फॉर्मच्या शेवटी 'तयार करणारा' म्हणून तुमचीही सही लागते. कॅथलिक चॅरिटीज, एचआयएएस यांसारख्या संस्थांकडे कमी पैशांत किंवा फुकट सल्ला मिळतो, रांग मोठी असते म्हणून लवकर नाव घाला. 'हमखास पॅरोल' विकणाऱ्या टॅक्सवाल्यापासून लांब राहा.

पहिल्या भेटीला प्रत्येकाचा आय-९४, पासपोर्टाची सगळी पानं, जुनी-नवी वर्क परमिट, यूएससीआयएसकडून आलेलं प्रत्येक पत्र पाकिटासकट, आल्यापासूनच्या टॅक्स रिटर्नच्या प्रती आणि राहिलेल्या सगळ्या पत्त्यांची तारखांसह यादी घेऊन जा. चेकबुक घरीच ठेवा. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून यूएससीआयएस सहसा कागदी चेक घेत नाही, थेट बँक खात्यातून किंवा कार्डाने पैसे भरावे लागतात. खात्यात शिल्लक नसल्याने पैसे अडकले तर अर्ज परत येऊ शकतो आणि तारीख हातची जाते.